दहावर फिरवलेली कडी

मामाने कॅमेरा घेतला तो महायुद्धाच्या आधीचा, जर्मन, घडीचा. बटण दाबलं की काळा भाता पुढे यायचा. बड्या नावाचा परवडत नव्हता, म्हणून हा स्वस्तातला. पण ते कबूल करेल तो मामा कसला! "काच तीच, कारागीर तेच, नाव तेवढं वेगळं," असं तो दारावर आलेल्या दूधवाल्यालाही ऐकवायचा. फोटो मात्र आजवर त्याने एकही दाखवला नव्हता.

त्याच्या ताईचे दोन मुलगे कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. थोरला कायमचा परदेशी निघाला, तेव्हा ताईने दोघांच्या हातापाया पडून एका फोटोपुरतं त्यांना परसात उभं केलं. दोघं शेजारी शेजारी दिसले की झालं, तिला बाकी काही नको होतं.

"मोबाइल आत ठेवा सगळे!" मामा गरजला. "इथे खरा कॅमेरा आहे!"

ठेवले बापड्यांनी. ताई पुढे खुर्चीत, मुलगे तिच्या मागे. मामाने टेप ताणून तिच्या नाकापर्यंत अंतर मोजलं, उजेडाचा अंदाज घेतला, पुन्हा मोजलं. "हलायचं नाही! ताई, मागे बघू नकोस!" दहा फूट भरले, म्हणून काचेभोवतीची अंतराची कडी दहावर फिरवली आणि एकदाचा फोटो काढला. थोरला त्याच संध्याकाळी गेला.

फोटो धुऊन आला. लांबच्या भिंतीची वीट न् वीट मोजून घ्यावी, तिथे वाळत घातलेल्या बनियनचं भोकसुद्धा लख्ख. पुढची तिघं म्हणजे नुसता धूर. अहो, जर्मन कडीवरचे आकडे मीटरचे असणार, फुटांचे नव्हे, एवढं या शहाण्याच्या डोक्यात यायला नको?

"जुन्या काचेची ही एक खास मृदुता असते..." मामाने सुरुवात केली.

"ते राहू दे." ताई केव्हाची फोटो डोळ्यांशी धरून बसली होती. "शेवटी माझ्या मागे काहीतरी हललं रे. कुणीतरी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, असं वाटलं. माझी पाठ होती. ठेवला होता का?"

तेव्हा मामाची नजर टेपवर होती, नाहीतर कडीवर. माणसांकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

"ठेवला होता तर!" तो ठासून म्हणाला.

ताईचा चेहरा फुलला. "कुणी रे? आधी कुणी?"

मामाने फोटो तिच्या हातातून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.