तात्यांनी कानाला लावून निवडलेली

मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे. पण जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. तळहातावर मावेल एवढी माझी चपटी पेटी आणि तिच्या एका कोपऱ्याला पोचा. पोटात आरशासारख्या चकत्या गरगर फिरतात. त्यांच्या अगदी लगतून, पण त्यांना न शिवता, एक बारीक दांडी पुढेमागे धावते. कॉम्प्युटरमध्ये तुम्ही जे जे ठेवता ते मी त्या चकत्यांवर सांभाळते. एक मातीचा म्हातारा भरल्या सभागृहात पडद्यावर चालला तो माझ्यामुळे. ही बढाई आहे हे मला कळतं, पण ती मारायचा हक्क मी कमावला आहे.

माझा जन्म झाला तो कारखाना इतका स्वच्छ होता की तिथे धुळीच्या कणालाही चोरासारखं पकडत. कामगार डोळे सोडून अंगभर पांढऱ्या कपड्यांत असायचे. ते हसतात की रागावतात हेसुद्धा आम्हाला कळायचं नाही. तिथून खोक्यात बसून मी एका दुकानात आले आणि फळीवर वाट बघत राहिले.

एके दिवशी तिघं जण दुकानात आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले तात्या, त्यांचा मुलगा आणि सून. तात्या तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. मुलाने आल्या आल्या सगळ्यात मोठी हार्डडिस्क मागितली. विक्रेत्याने एक चकचकीत खोकं पुढे केलं. त्यावर ज्वाळा काढल्या होत्या.

सूनबाई म्हणाली, "मोठी नको आणि वेगाचंही मला कौतुक नाही. दगा न देणारी दाखवा."

तिला तसं म्हणायला कारण होतं. एरवी ती कपडे अल्टर करण्याच्या दुकानात मशीनवर बसे. सुट्टीच्या दिवशी मात्र घरातल्या अडगळीच्या खोलीत ती मातीच्या बाहुल्याचा चित्रपट करायची. बाहुला किंचित हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा किंचित हलवायचा. ते सगळे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की बाहुला चालतो. तिच्या चित्रपटात एक म्हातारा बंद पडलेल्या घड्याळाला चावी द्यायला उंच मनोऱ्याच्या पायऱ्या चढतो. त्याचं नाक आणि पोक थेट तात्यांचं होतं. पोक तात्यांना मान्य होतं, नाक मात्र आपलं नाही असंच ते म्हणत.

"हिला एवढ्या वर्षांची गॅरंटी आहे, ताई," विक्रेता म्हणाला.

"म्हणजे बिघडली तर आतले फोटो परत मिळतील?"

"नवी हार्डडिस्क मिळेल. फोटो तुमचे तुम्ही सांभाळायचे."

सूनबाईने खोकं परत सरकवलं. तेवढ्यात तात्यांनी विक्रेत्याला एकेक हार्डडिस्क जोडून चालू करायला सांगितलं आणि प्रत्येकीला कान लावला.

"काका, हे घड्याळ नाही," विक्रेता म्हणाला.

"फिरतं ना? मग बोलणारच."

ज्वाळावालीचा आवाज त्यांना चढा वाटला. दुसरी म्हणे घसा खाकरते. माझ्यापाशी मात्र ते बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ही बरी. कामाशी काम ठेवणारी आहे." मित्रांनो, खरं सांगते, नुसता कान लावून हार्डडिस्क किती टिकेल हे कुणालाही कळत नाही. पण त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की खोक्यात मावेना.

मग सुरू झाली माझी कामाची वर्षं. म्हातारा एक पायरी चढला की सूनबाईचे ढीगभर फोटो माझ्या पोटात यायचे. पायरीवर टेकलेला म्हातारा, घाम पुसणारा म्हातारा, खाली बघून घाबरलेला म्हातारा. मी एकही फोटो कधी हरवला नाही. सूनबाई पाहुण्यांना सांगायची, "कॉम्प्युटर कुरकुरतो, पण ही नाही हो." मी ऐकत असायची आणि जरा जोमाने फिरायची.

पण पोट भरत आलं तशी माझी किंमतही उतरत गेली. मुलाने दोन नव्याकोऱ्या, वेगवान हार्डडिस्क आणल्या आणि दोन्ही त्याच कॉम्प्युटरच्या डब्यात शेजारी शेजारी बसवून माझ्यातलं सगळं दोघींत उतरवलं. एक गेली तरी दुसरी आहेच, असं म्हणत तो स्वतःवर खूश होता. मला काढताना त्याच्या हातून निसटले, तो हा पोचा. "ही आता भंगारात," तो सहज बोलून गेला. मला फार लागलं, आणि ते पडल्यामुळे नव्हतं.

तात्यांनी मला उचललं, कानाला लावलं आणि आपल्या खोलीत नेलं. तिथे त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मला जागा मिळाली. घड्याळ नुसतं ठेवलं तर आखडतं, म्हणून तात्या घरातल्या सगळ्या घड्याळांना रविवारी चावी देत. त्यात आता माझीही भर पडली. दर रविवारी ते सुनेपुढे हात करत, "या आठवड्याचा म्हातारा दे पाहू." ती पेनड्राइव्हवर नवे फोटो द्यायची, ते माझ्यात घालायचे आणि आपलंच नाक मनोरा चढताना बघत बसायचे. घरातले हसायचे. जागा पुरावी म्हणून तात्या आधीचे फोटो पुसत असतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. खरं तर तात्यांनी माझ्या पोटातलं बाकी सगळं दुसरीकडे हलवलं होतं, पण म्हाताऱ्याचा एकही फोटो त्यांना टाकवला नव्हता.

शेवटची पायरी झाली. मुलांच्या चित्रपट महोत्सवासाठी सूनबाईने छोटा तुकडा पाठवला होता. तो आयोजकांना आवडला आणि पूर्ण चित्रपट दाखवायची तारीखही ठरली. आता सगळे फोटो जोडून आवाज भरायचा तेवढा राहिला होता. अशात एका दुपारी वीज गेली आणि येताना असा दणका देऊन आली की कॉम्प्युटरमधून जळका वास सुटला. माझं नशीब बलवत्तर, तात्या वापर झाला की प्लग काढून ठेवत.

दुरुस्ती करणारा घरी आला. त्याने डबा उघडला आणि मान हलवली. "दोन्ही एकाच डब्यात होत्या ना? मग एकाच झटक्यात दोन्ही गेल्या. यातलं काही निघेल असं मला वाटत नाही."

सूनबाई रडली नाही. मनोऱ्याचे पुठ्ठे तिने केव्हाच मोडले होते आणि बाहुल्याच्या मातीला तडे गेले होते. ते सगळं पुन्हा करणं अशक्य होतं. तिने बाहुल्यावर फडकं टाकलं आणि आयोजकांना नाही म्हणून कळवायला फोन हातात घेतला.

आणि मी? मी भिंतीपलीकडे, पोटात अख्खा म्हातारा घेऊन गप्प बसले होते. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

तात्यांनीही माझं नाव काढलं नाही. घड्याळाच्या धंद्यात असली भाग तो असली आणि नक्कल ती नक्कल. नकली चाक बसवलं की घड्याळाची वाट लागलीच. हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं, त्यामुळे आपल्याजवळचं काही उपयोगाचं आहे हे त्यांच्या मनातही आलं नाही. नंबर लावणाऱ्या सुनेचा उतरलेला चेहरा बघून ते नुसते समजुतीखातर म्हणाले, "असली फोटो गेलेच, सूनबाई. पण मन रमवायला माझ्याकडची नक्कल बघत जा. पहिल्या पायरीपासून आहे."

तिने फोन खाली ठेवला. "पहिल्या पायरीपासून? तुम्ही पुसत नव्हता?"

"मी आजवर काय टाकलंय?" तात्या म्हणाले. त्यांच्या मागे निकामी स्क्रूंनी भरलेली बरणी साक्षीला होतीच.

"अहो तात्या, यात असली-नकली काही नसतं. तिकडे जे होतं तेच तसंच्या तसं तुमच्याकडे आहे." आणि तेव्हा मात्र ती रडली.

मुलाने लगेच एक नवी हार्डडिस्क आणून बाहेरून जोडली आणि माझ्यातले फोटो तिच्यात जाऊ लागले. आता सगळी भिस्त माझ्यावर होती. पायऱ्यांमागून पायऱ्या गेल्या. मनोरा संपत आला आणि माझी दांडी अडखळली, पोटातून टक-टक आवाज येऊ लागला. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. तात्यांनी कान लावला. "थांबवा. तापली आहे ती. दम खाऊ दे." त्यांनी मला बंद केलं आणि बाजूला बसून राहिले. मी गार झाले. मग सारा जीव गोळा करून पुन्हा फिरले, आणि म्हाताऱ्याने घड्याळाला चावी दिली तो शेवटचा फोटोसुद्धा मी सहीसलामत पोचवला. मुलाने माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चुकलो बाई." मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं.

सभागृह मुलांनी भरलं होतं. तात्यांनी मला कोटाच्या खिशात घालून नेलं होतं. पडद्यावरचं बंद घड्याळ सुरू झालं तशी मुलं खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या पिटू लागली. मागच्या रांगेतल्या एका मुलीने तात्यांना ओळखलं आणि बोट दाखवलं. तात्या उभे राहिले, नाक चांगलं वर केलं आणि म्हणाले, "हो, माझंच आहे."

मित्रांनो, दगा न देणारी हार्डडिस्क कुठली, असं तुम्ही दुकानात जरूर विचारा. चांगली पारखून घ्या आणि तिला आपटू नका, तापू देऊ नका. पण आमच्यापैकी कितीही गुणी असली तरी एकटीच्या भरवशावर आपलं जीव की प्राण असलेलं काम सोडू नका. तिच्यातलं सगळं दुसरीतही ठेवा, आणि ती दुसरी वेगळ्या जागी असू द्या. आता आमचा म्हातारा नव्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि सूनबाईच्या आईच्या घरीही आहे. माझ्यावर आता कुणाची भिस्त नाही. तरीही दर रविवारी घड्याळांना चावी देऊन झाली की तात्या मला चालू करतात, डोळे मिटून कान लावतात, आणि मी त्यांना सांगते की मी अजून फिरते आहे.