उलटी लावलेली सुई

शिलाई मशीन बनवणाऱ्या कंपनीने मला 'कम्युनिटी मॅनेजर' म्हणून घेतलं तेव्हा मला साधं बटणही लावता येत नव्हतं. मुलाखतीत कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगायच्या भानगडीत पडलो नाही. कंपनीची मशीन घेतलेल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता, मेल्यात जमा. त्यात जीव आणायचा, हे माझं काम. अट एकच. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवारी पाचपर्यंत, ग्रुपवर दोनशे उत्तरं दिसली तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. आधीच्या दोन नोकऱ्यांनी मला नमस्कारच केला होता, म्हणून बायकोने त्या शनिवारावर लाल खूण करून ठेवली. सासूबाई आमच्याकडेच राहतात, आणि याच कंपनीची त्यांची मशीनही. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला नेहमीच जास्त लागतं.

पहिले काही दिवस मी 'शिवणकामाने तुम्हाला काय दिलं?' असले खोल प्रश्न विचारले. सहा हजार सभासदांतून तीन अंगठे आले. त्यातला एक माझा होता.

मग एकदा घाईघाईत मी एक फोटो टाकला. मशीनला सुई मीच लावली होती, आणि ती उलटी होती. सुईला एक सपाट बाजू असते हेच मला माहीत नव्हतं. तासाभरात एकेचाळीस उत्तरं आली. छत्र्या शिवणारे काका आले, गाद्यांना खोळी घालणारं जोडपं आलं, शिवण शिकवणाऱ्या बाई तर तीन वेळा आल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. लोक प्रश्नाला उत्तर देत नाहीत, चूक मात्र त्यांना बघवत नाही, हा शोध मी लावला होता. तेव्हापासून रोज एक ताजी चूक. साहेबांपुढे मी तिला धोरण म्हणायचो.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "जावईबापू, अक्षरं जरा मोठी करून द्या. दिसेनासं झालंय."

अक्षरं मोठी केली, आणि त्यांचा एक ग्रुप चांगल्या ठसठशीत अक्षरांत समोर आला. नाव होतं 'जावई ड्यूटी'. सभासद तीनशे बारा. सोमवारी छत्रीवाले, मंगळवारी गादीवाले, अशा पाळ्या लावल्या होत्या. एकाने बजावलं होतं, 'आज त्यांनी खालच्या दोऱ्याची बॉबिन उलटी घातली आहे. सगळं एकदम सांगू नका, पुरवून पुरवून सांगा.' शिवणाच्या बाईंनी विचारलं होतं, 'हे मुद्दाम करतात की काय?' त्याखाली सासूबाई. 'सुईची चूक खरी होती. आता मुद्दाम करतात. पण बरोबर काय, तेही त्यांना माहीत नाही.'

मी वर वर सरकत गेलो. सगळ्यात पहिला निरोप अडीच महिन्यांपूर्वीचा होता, त्यांचाच. 'माणूस वाईट नाही. फक्त काही येत नाही. ही नोकरी टिकली पाहिजे.'

मी फोन परत केला. "झाली का मोठी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, झाली.

शनिवारी दुपारी आकडा एकशे सत्त्याऐंशीवर अडला होता. ठरवून चूक करायला बसलो तर हात उठेना, लाज वाटत होती. शेवटी घरातल्याच मशीनवर बसलो आणि नीट शिवायचा प्रयत्न केला. दोरा सात वेळा तुटला. मी ग्रुपवर लिहिलं, 'दोरा तुटतो आहे. मला खरंच येत नाही.' अर्धा तास गेला. एकही उत्तर नाही.

सासूबाई आतून आल्या, खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "मी सगळ्यांना थांबवलंय," त्या म्हणाल्या. "आज खरंच अडलंय ना तुमचं. हे लिहून नाही, शेजारी बसून शिकवायचं."

"तेरा कमी आहेत."

"असू देत. आधी सुई बघा. सपाट बाजू कुठे आलीय?"

मी बघितलं. उलटीच होती, तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीही. त्या हसल्या नाहीत. मला ती काढायला लावली, परत बसवायला लावली, दोरा ओवायला लावला, आणि मी जुन्या उशीच्या अभ्र्यावर वीतभर शिवण घातली. ती कुठून कुठे चालली होती हे तिलाच माहीत. सासूबाईंनी तिचा फोटो काढला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला. 'यांची पहिली शिवण.'

छत्रीवाल्या काकांनी लगेच लिहिलं, 'पाचवा टाका सुटलाय.' बाईंनी लिहिलं, 'सुटू दे. हात त्यांचाच आहे.' त्यानंतर फोन थांबेना. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे पाच वाजता आकडा काय होता ते मला दिसलं नाही. सासूबाईंना आता सगळं स्पष्ट दिसत होतं.

"दोनशे सहा," त्या म्हणाल्या. "आता ते उसवा आणि परत शिवा."