पंचफुलाची पात

मुकादम व्हायची हौस रुख्मिणीला कधीच नव्हती. उंद्री गावातल्या त्या अकरा मजूर बायांत धड चालणारा मोबाइल तिच्याकडेच होता. शेतातलं तण निंदायला बोलावणारे फोन तिलाच यायला लागले आणि मुकादमकी आपोआप गळ्यात पडली.

आज हिंमतरावाच्या सोयाबीनमध्ये निंदण होतं. प्रत्येकीने आपापली पात, म्हणजे निंदायचा पट्टा, धरली होती. गुडघ्याने अधू झालेली पंचफुला दुपारपर्यंत दहा हात मागे पडली. हिंमतराव धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून ओरडला, "रुख्मिनी, त्या बुढीले उद्यापासून आनू नको. मुकादम हायेस ना? मंग तूच सांग तिले."

सगळ्यांची खुरपी थांबली. पंचफुलाने मान खाली घातली. असलं काही कुणाला सांगावं लागू नये, म्हणूनच तर रुख्मिणीला मुकादमकी नको होती. मग मात्र तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"हाव, सांगतो," म्हणत ती उठली, मागे गेली आणि पंचफुलाच्या पातीत बसली. "बायांनो, या इकडं. आधी हिची पात काढू. मंग हे जशी सरकन, तशाच समद्या सरकू."

बाया मागे आल्या. राहिलेली पात हातोहात निघाली, आणि अकराही जणी पंचफुलाच्या चालीने एका ओळीत पुढे सरकू लागल्या.

"अशानं वावर कधी आटपन वं?" हिंमतराव चिडला.

रुख्मिणीने खुरपं न थांबवता उत्तर दिलं, "धुऱ्यावरून नीट पाहा, भाऊ. जे मांगं दिसन, तिचं नाव सांगा. उद्या तिले नाही आनत."