झऱ्याच्या तोंडातला बोळा

अल्मोड्याकडच्या डोंगरात, बगरखेतच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी व्याख्यान असे. तारादत्त उप्रेती, म्हणजे सगळ्या गावाचे मास्साब, शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी हा उद्योग मांडला. जुने राजे, ताम्रपट, तिबेटच्या वाटेवरचा मिठाचा व्यापार, असले विषय. ऐकायला माणसं पंधरा. त्यांतली चार चहासाठी. पण सहा वर्षांत मास्साबांनी एक शनिवार चुकवला नव्हता.

त्या वर्षी पावसानं वाचनालयाच्या अंगणाची भिंत ढासळली आणि ती रचायला सरुली आली. सरुली जातीनं ओड. त्या डोंगरातली घरं, देवळं, पायऱ्या, सगळं ओडांच्या हातचं. त्यांच्या बायका दगड वाहत, पण हातोडा धरत नसत. सरुलीच्या वडिलांना मुलगा झाला नाही, म्हणून त्यांनी ओळंबा लेकीच्या हाती दिला. आता तिची पन्नाशी उलटली होती, आणि तिनं रचलेली भिंत कलंडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या शनिवारी अल्मोड्याहून एक प्राध्यापक आले होते. विषय होता या भागातले झरे आणि नौले. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली दगडी खोली. आत पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत जाणारी कुंडी, वर दगडाचं छप्पर. प्राध्यापक सांगत होते, "तुमच्या वरच्या आळीचा नौला चारशे वर्षांचा, राजानं बांधलेला. नऊ वर्षांपूर्वी तो आटला. झऱ्यानं जमिनीखाली वाट बदलली असावी."

खिडकीबाहेर सरुली दगड बसवत होती. ती आपल्याशीच म्हणाली, "वाट कसली बदलतोय! तोंड बुजवलंय त्याचं."

पण हातोड्यांच्या आवाजातही ऐकू जाईल असं बोलायची जन्माची सवय. तिचं पुटपुटणं आत शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं.

पुढच्या रांगेत कुंदनसिंग बोरा बसले होते. गावचे ठेकेदार, सगळ्यांचे दाज्यू, म्हणजे मोठे भाऊ. ते मागं वळून म्हणाले, "सरुली, तू भिंत बघ. इथं शिकलेली माणसं बोलतायत."

"भिंतच बघतेय, दाज्यू. कान तेवढे मोकळे आहेत."

लोक हसले. मास्साबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणी बुजवलं तोंड?"

"सिमेंटनं," सरुली म्हणाली, आणि बोरांकडं मुद्दाम पाहिलं नाही. नौल्याला आतून सिमेंटचा गिलावा कुणी करून घेतला होता हे सगळ्यांनाच माहीत होतं.

प्राध्यापक भला माणूस. ते म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं. आत या, सांगा सगळं."

"इथं खोलीत काय सांगू, साहेब? नौला इथं थोडाच आहे?"

मास्साबांनी तिथल्या तिथं वही उघडली आणि पुढच्या महिन्याच्या रकान्यात लिहिलं: स्थळ, वरच्या आळीचा नौला. वक्त्या, सरुली देवी.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा नवरा डुंगरराम मडुव्याची, म्हणजे नाचणीची, रोटी भाजत होता. त्याला रोटी उलटायचं भान राहिलं नाही. "भाषण? तू?"

"मी."

पुढचा महिनाभर ती पीठ मळताना, गवत कापताना सराव करायची. "आदरणीय स्त्री-पुरुषहो..."

"माझ्याकडं बघून स्त्री-पुरुषहो म्हणू नकोस," डुंगर म्हणायचा. "मी एकटाच आहे. आणि ते तुझ्या तोंडाला शोभत नाही. तू गड्यांना ओरडतेस तसं बोल, ते सगळ्यांना कळतं."

पण बोलायची भीती ही वरवरची होती. खरी धास्ती वेगळीच होती, आणि ती डुंगरलाही ठाऊक होती. सरुली दहा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी त्याच नौल्याचं छप्पर उतरवून पुन्हा बसवलं होतं. अडीच महिने ते आत राबले. काम झालं, भटजी आले, पूजा झाली, आणि त्या दिवसापासून त्यांनी नौल्यासमोरच्या अक्रोडाच्या झाडापलीकडंच उभं राहायचं. ओडांचं पाणी खालच्या धारेवर. आता तसं तोंडानं कुणी म्हणत नसे. तरी त्या कुंडीत त्यांच्यातलं कुणी उतरलंही नव्हतं.

कार्तिकात ऊन कोवळं झालं होतं. व्याख्यानाला पंधराऐवजी साठ-सत्तर माणसं आली. अर्धी विषयासाठी, अर्धी गंमत बघायला. सरुलीनं धुतलेली साडी नेसली होती आणि खांद्याला हत्यारांची पिशवी होती. मास्साबांनी हार आणला होता, ती म्हणाली, "आधी काम बघा, मग घाला."

आणि ती बोलायला लागली. झरा म्हणजे नळ नाही, म्हणाली. तो एका भोकातून येत नाही. वर बांजाच्या झाडांचं रान आहे, त्याच्या मुळांत पाऊस मुरतो, आणि डोंगराच्या अंगातून घामासारखा पाझरतो. म्हणून कुंडीच्या भिंती कोरड्या रचायच्या. चुना नाही, माती नाही. दगडाला दगड असा लावायचा की भिंत हलू नये आणि पाणी अडू नये. "आतल्या अंगाचा दगड घासायचा, मागच्या अंगाचा खडबडीत ठेवायचा. पाणी मागून येतं, त्याला धरायला जागा लागते. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, बौज्यूंनी, बिशनरामांनी. त्यांना त्यांच्या वडिलांनी, मोतीरामांनी. त्यांना अनरामांनी. त्यामागची चार नावं मी सांगू शकते. साहेब म्हणाले राजानं बांधला. राजानं सांगितलं असेल. बांधला आम्ही."

मग बोरा उठले. चेहरा लाल झाला होता. "म्हणजे मी गावाचं वाटोळं केलं, असंच ना? दगड सुटत होते, शेवाळ धरत होतं. मी चांगल्यासाठीच केलं!"

"चांगल्यासाठीच केलंत, दाज्यू. वाईट हेतूनं नाही, अडाणीपणानं केलंत. बोलणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला आणि म्हणालात, हा मुका झाला."

हशा पिकला. बोरा तोऱ्यात म्हणाले, "बोलायला काय जातं! दाखव की."

"दाखवते," सरुलीनं पिशवीतून छिन्नी काढली आणि ती उंबऱ्याशी आली. तिथं तिचे पाय थांबले. सगळ्यांना एकदमच कळलं की ती का थांबली आहे.

ओट्यावर जयंती आमा बसल्या होत्या. जोश्यांच्या घरातल्या, ऐंशीच्या पुढच्या, सोवळ्याच्या कडक. सरुलीच्या वडिलांना अक्रोडापलीकडं पाठवलं गेलं तेव्हा त्या इथंच, पूजेच्या बायकांत उभ्या होत्या. आमांनी तिच्याकडं पाहिलं, मग कोरड्या कुंडीकडं.

"नऊ वर्षं मी नळाचं पाणी देवाला घालतेय," आमा म्हणाल्या. "उभी काय राहिलीस? चपला काढ आणि उतर."

"काढते, आमा."

"आणि तुझ्या बापाला तेव्हा आम्ही..." त्या जरा सरकल्या आणि सरुलीला भिंतीला धरून उतरता यावं म्हणून त्यांनी वाट दिली.

सरुली उतरली. पायाखालची पायरी गार होती. डोळे भरून आले, पण छिन्नी धरली की तिला दुसरं काही सुचत नसे. डोंगराकडच्या भिंतीवर तिनं कान लावला, दोन ठिकाणी वाजवून पाहिलं, आणि घाव घातला. सिमेंटची खपली निघाली. दुसरी निघाली. हातभर जागा मोकळी झाली तेव्हा मागचा दगड दिसला, काळा आणि ओला. दोन दगडांच्या फटीत एक थेंब जमला, फुगला, ओघळला. मग दुसरा. थोड्या वेळानं दोऱ्याएवढी धार लागली.

लोक टाळ्या वाजवू लागले. ती आतून ओरडली, गड्यांना ओरडते तशीच, "टाळ्या नकोत! एवढ्यानं भरत नाही. चारही भिंती सोलायला आठवडा लागेल. आणि वरचा बांज तोडलात तर मी काय, ब्रह्मदेव आला तरी पाणी येणार नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला आली तर बोरा घमेलं घेऊन हजर होते. त्यांनी राडारोडा उपसायला सुरुवात केली. दुपारी म्हणाले, "माझा गिलावा मात्र पक्का होता. कबूल कर."

"पक्का होता, दाज्यू. हात सोलले माझे."

फाल्गुनात पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. त्या वसंतात वरच्या आळीत आलेली सून नव्या नवरीच्या रीतीप्रमाणं पूजेला नौल्यावर गेली, आणि तिच्या आधी नवरी झालेल्या सरुलीच्या भाचीची पूजा तिथंच झाली होती. कुणी त्याची चर्चा केली नाही. आमांनी पिठ्यांचं, म्हणजे कपाळी लावायच्या कुंकवाचं, ताट तेवढं दोन्ही वेळा पाठवलं.

चैत्रात शेजारच्या धौलगाड गावच्या लोकांनी बोलावणं पाठवलं. तिथं मंडप होता, माइक होता, दोनशेवर माणसं होती. ओळख करून देणाऱ्या तरुणानं कागदावरून वाचलं, "थोर समाजसेविका आणि जलतज्ज्ञ..."

सरुलीनं माइक हातात घेतला. "हे कुणाबद्दल बोलतोय, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी ओड आहे. बिशनराम ओडाची लेक. विचारा काय विचारायचं ते."

मागून एक म्हातारा काठी टेकत उठला. आमचा झरा निम्मा झालाय, म्हणाला.

"पाझर कुठल्या बाजूचा?" सरुलीनं विचारलं. "उगवतीचा की डोंगराकडचा?"

म्हाताऱ्याची काठी आधी उगवतीकडं वळली, मग डोंगराकडं. ती पिशवी खांद्याला लावून मंचावरून उतरली. "चला, दाखवा," म्हणाली, आणि सगळा मंडप तिच्यामागं निघाला.