सावडीतला सर्जा

भिकनला आपला बाप वारल्याची बातमी एका पेंग्विनने दिली.

पेंग्विन ब्राझीलचा होता. त्याने काळी टोपी घातली होती आणि तोंडातून निघालेल्या पांढऱ्या फुग्यात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘तुझ्या वडिलांचं कळलं. फार वाईट झालं.’ भिकनने ते दोनदा वाचलं. मागे बुद्धिबळातला घोडा, दोन यंत्रमानव आणि एक मासा खाली मान घालून उभे होते. माशाला मान नसते, पण त्याने जमेल तेवढी घातली होती. वर्गाच्या बाई मिस डोरा म्हणजे चष्मा लावलेला जिराफ. त्यांच्या पायाशी एक मेणबत्ती जळत होती.

“नजीरभाई, लाइन तोडा!” भिकन ओरडला.

हा सगळा दुखवटा जळगावच्या बसस्टँडसमोर, नजीरभाईंच्या एसटीडी बूथमागच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या काचेवर चालला होता. बूथला फोन एकच. इंटरनेट चालू असलं की फोन मेलेला, आणि फोन जिवंत केला की इंटरनेट मेलेलं. नजीरभाईंनी वायर उपसून फोनला लावली. भिकनने शिंदखेड्याला लोटनच्या किराणा दुकानात नंबर फिरवला.

“लोटनभाऊ, मी भिकन. आबा...”

“आबा आठेच बठेल शेतस. दिऊ का?”

आणि पलीकडून साक्षात बापाचा, मोतीलालआबांचा आवाज आला, “काय व्हयनं रे?”

“आबा, तुम्ही बरा शेतस ना?”

“माले काय व्हयनं? बिडी पी राहिनू.”

“आठे माले कोणी तरी सांगं, तुम्ही...”

“कोणी सांगं?”

भिकनला खोटं बोलायला सुचलं नाही. “एक पाखरूनी,” तो म्हणाला.

पलीकडे बराच वेळ बिडीचा झुरका ऐकू आला. मग आबा हळू आवाजात म्हणाले, “भिकन, तू तठे टाइमवर जेवस ना रे?”

आता हे पाखरू कुठून आलं, ते सांगायला हवं.

धुळ्याच्या भाईदास नानांच्या शाळेला देणगीत एक कॉम्प्युटर मिळाला होता. नानांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आता तो चालवणारा माणूस पाहिजे. इंग्रजी येणारा आणि इंटरनेट पाहिलेला. बी.कॉम. होऊन जळगावात नोकरी शोधत बसलेला भिकन त्यांच्यासमोर उभा राहिला तेव्हा नाना म्हणाले, “तोंडी काही सांगू नका. इंटरनेटवरचं सर्टिफिकेट आणा. छापील. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपर्यंत वाट पाहतो, नाहीतर साक्रीचा एक मुलगा तयार आहे.”

तसं सर्टिफिकेट देणारं एक गाव होतं. खरं नव्हे, इंटरनेटवरचं. तिथे शिरताना एक शरीर घ्यायचं, मग त्या शरीराने गावात हिंडायचं, इंग्रजीच्या वर्गात बसायचं, जगभरच्या इतर शरीरांशी इंग्रजीत लिहून बोलायचं. फी मात्र परदेशी कार्डावरच भरता येई. नजीरभाईंच्या कुवेतमधल्या मेहुण्याने ती भरली, तेव्हा कळलं की एका कार्डावर एकच शरीर मिळतं. आणि शिकणारे होते तिघं. भिकन, त्याचा खोलीतला जोडीदार अभिमन, आणि गफूरमियांची मुलगी हमीदा. गफूरमियांचं गाद्या-रजयांचं दुकान बूथला लागूनच होतं. हमीदाने बी.ए. केलं होतं आणि तिघांत खरोखर अभ्यास करणारी ती एकटीच होती.

तोडगा अभिमनने काढला. तो पहूरचा, घरची शेती.

“त्यात काय एवढं? आमच्याकडे सावड करतात,” तो म्हणाला. “एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक. जोडी जुळवायची. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. बैल कधी विचारतो का, आज मालक कोण म्हणून?”

इथे बैल एक आणि शेतकरी तीन होते, पण कुणी फार खोलात गेलं नाही. पहिलं पीक, म्हणजे पहिलं सर्टिफिकेट भिकनचं, पुढच्या वर्गाचं हमीदाचं, त्यानंतरचं अभिमनचं, असं ठरलं. बैलाचं नाव सर्जा ठेवलं. शरीरांच्या कपाटात बैल मात्र नव्हता. शिंगं असलेला एक रेनडिअर होता, तोच घेतला. नियम एकच. आपली पाळी झाली की सर्जाला गावातल्या कारंज्यापाशी उभं करून जायचं.

सावडीत बैल देताना त्याने काल काय खाल्लं, हे सांगायची पद्धत आहे. सर्जा काल काय बोलला, हे सांगायची पद्धत या तिघांनी पाडली नाही. चूक ती एवढीच.

त्यामुळे भिकनला धक्क्यांची सवय करावी लागली. अभिमनच्या पाळीनंतर तो आत शिरे, तर सर्जाच्या शिंगांवर कधी फुलांची टोपी, कधी गळ्यात घंटा. एकदा मासा त्याला ‘प्रिय’ म्हणाला. भिकनने घाबरून ‘सॉरी’ लिहिलं. माशाने त्याचाही भलताच अर्थ घेतला.

पण बाप मारणं म्हणजे कहर झाला होता.

“गृहपाठ राहिला होता,” अभिमन शांतपणे म्हणाला. “वडील वारले म्हणून लिहिलं. कॉलेजात चालतं ना.”

“माझे वडील?”

“तुझे कसे असतील? सर्जाचे.”

“सर्जाला बाप कुठून आला, अभिमनभाऊ?” हमीदा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “मी परवाच लिहून आले, माझे अब्बा उत्तम रजई भरतात. कापूस कसा पिंजतात, ते सगळ्या वर्गाला समजावलं.”

“मी लिहिलं होतं, माझे वडील जिनिंगमध्ये वॉचमन आहेत,” भिकन म्हणाला.

“म्हणजे तीन बाप,” अभिमनने हिशेब केला. “त्यातला एक गेला. दोन शिल्लक आहेत. घाबरायचं काय?”

नजीरभाई चहाचे ग्लास ठेवत म्हणाले, “बेटा, जानवर एक और बाप तीन, यह तो कहीं नहीं चलता.”

शनिवारी दुपारी परीक्षा होती. वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे : परीक्षा संपायच्या आत जो वर्ग सोडेल, तो नापास. तिघंही एका कीबोर्डभोवती बसले, कारण सर्जाच्या आयुष्यातलं काय विचारतील आणि ते कुणाच्या पाळीत घडलेलं असेल, याचा भरवसा नव्हता. बटणांवर भिकनची बोटं.

सर्जा वर्गात शिरला. जिराफबाईंच्या शेजारी आज एक घुबड होतं.

‘हे डॉक्टर आहेत,’ जिराफाच्या फुग्यात उमटलं. ‘सर्जा, तुझी आम्हांला काळजी वाटते.’

मग घुबड बोलायला लागलं. हमीदा वाचून मराठीत सांगत गेली आणि सांगता सांगता तिचाच आवाज बारीक होत गेला. घुबडाने सर्जाचं सगळं जुनं बोलणं वाचलं होतं. सर्जाच्या एका शरीरात तीन माणसं राहतात, असं त्याचं म्हणणं होतं. इथवर बरोबरच होतं. पुढे ते म्हणालं, की हा मनाचा आजार आहे. तिघांतला पहिला थापाड्या, पण आनंदी. दुसरी हुशार मुलगी, रजयांबद्दल फार सुंदर लिहिते. तिसरा मात्र सारखा घाबरलेला असतो आणि प्रत्येक वाक्याआधी सॉरी म्हणतो.

‘तो तिसरा खरा नाही,’ घुबड म्हणालं. ‘तोच आजार आहे. तो गेला की सर्जा बरा होईल.’

अभिमनने खुर्ची भिकनकडे वळवली.

“भिक्या,” अभिमन म्हणाला, “तू आजार निघालास रे.”

आयुष्यात लोक भिकनला बरंच काही म्हणाले होते, पण अजून कुणी तो नाहीच असं म्हणालं नव्हतं. त्याने हमीदाला विचारून एकेक शब्द जुळवला. सॉरी. आम्ही तीन वेगळी माणसं आहोत. मी भिकन. माझे वडील जिवंत आहेत. काल फोनवर बोललो.

घुबडाने मान फिरवली. ‘अगदी अपेक्षेप्रमाणे,’ ते जिराफाला म्हणालं. ‘आजारी भाग नेहमी आपल्याला वेगळा बाप असल्याचं सांगतो.’

पेंग्विनने पुन्हा काळी टोपी चढवली. मासा रडायला लागला. जिराफ म्हणाला, की परीक्षा वगैरे आता राहू दे. रजयांबद्दल लिहिणारी ती मुलगी पास झालेलीच आहे. तिने आपलं नाव सांगावं, सर्टिफिकेट तिच्या नावाने निघेल.

काचेवर एक रिकामी चौकट आली. आत एक काळी रेघ लुकलुकत होती.

भिकनने हळूच कीबोर्ड हमीदाकडे सरकवला. साक्रीचा मुलगा नानांच्या हार घातलेल्या कॉम्प्युटरसमोर बसलेला त्याला स्पष्ट दिसला. हमीदा चौकटीकडे पाहत राहिली. ती पास होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. नाव लिहिलं की संपलं. भिंतीपलीकडून गफूरमियांच्या पिंजण्याचा टणटण आवाज येत होता.

“पाळी कुणाची आहे?” तिने विचारलं.

“भिकनची,” अभिमन म्हणाला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

“मग झालं तर.” तिने चौकट मिटवली आणि इंग्रजीत भराभर लिहिलं, ‘तुमचा आजार माझ्या शेजारी बसला आहे. त्याने चौकटीचा शर्ट घातलाय. त्याला दरदरून घाम सुटलाय.’

घुबडाच्या फुग्यात आलं, ‘आजाराला घाम येत नाही.’

‘फोन नंबर द्या,’ जिराफ म्हणाला. ‘आम्ही स्वतः त्याच्याशी बोलू.’

हमीदाने नंबर लिहिला. मग तिघांनी एकदम काचेवरच्या वर्गातल्या भिंतीवरच्या वाक्याकडे पाहिलं आणि नंतर वायरकडे. फोन घ्यायचा तर इंटरनेट तोडावं लागणार. तोडलं की सर्जा वर्गातून गायब, म्हणजे नापास. नाही तोडलं तर भिकन नव्हताच.

“विचार कर,” अभिमन म्हणाला. “बिनसर्टिफिकेटचा जिवंत माणूस नानांना चालणार नाही.”

“आणि सर्टिफिकेटवाला, पण मुळात नसलेला माणूस चालेल का?” असं म्हणून भिकनने स्वतःच वायर उपसली.

फोन लगेच वाजला नाही. नजीरभाईंनी सुद्धा गिऱ्हाइकाला बाहेर थांबवून ठेवलं. मग वाजला, आणि भिकनने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला.

“हॅलो,” पलीकडून एक जाडाभरडा, पिकलेला पुरुषी आवाज इंग्रजीत म्हणाला, “मी मिस डोरा बोलतोय.”

भिकनने रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. “बाईंना मिशा आहेत,” तो पुटपुटला.

हमीदाने रिसीव्हरला दुसऱ्या बाजूने कान लावला. म्हातारा न्यूझीलंडमधून बोलत होता. जिराफ त्याच्या बायकोचा, पण संध्याकाळी ती गाईंच्या धारा काढायला जाते, तेवढा वेळ जिराफात तो बसतो. हे वर्गात कुणाला ठाऊक नाही, आणि कृपा करून सांगू नये. डॉक्टर म्हणजे शेजारी. जनावरांचे डॉक्टर. रेनडिअर म्हटल्यावर त्यांना बोलावणंच योग्य वाटलं.

“आता तुम्ही बोला,” म्हातारा म्हणाला. “कुणालाही न विचारता. तुम्ही बसलाय तिथे काय दिसतं?”

भिकन आजवर इंग्रजी नुसतं कीबोर्डवर बडवत आला होता. तोंडाने एक वाक्यही बोलला नव्हता. त्याने डोळे मिटले, मग काय दिसतं हे सांगायचंय हे आठवून उघडले. हॉट चहा, तो म्हणाला. वन फॅन, नो हवा. माय फ्रेंड अभिमन, ही किल माय फादर, बट गुड बॉय. हमीदा, व्हेरी बिग ब्रेन. नजीरभाई, ही स्टॉप हिज बिझनेस फॉर मी. आउटसाइड बस गोइंग टू धुळे, आय ॲम नॉट इन दॅट बस. तो बोलत सुटला. एकदाही सॉरी म्हणाला नाही.

“पास,” म्हातारा म्हणाला. “परत आत या. सर्टिफिकेट देतो.”

वायर पुन्हा कॉम्प्युटरला लागली. मोडेमने मांजर दाबल्यासारखे आवाज काढले आणि सर्जा कारंज्यापाशी उभा राहिला. तिघांनी त्याला अक्षरशः पळवत वर्गात नेलं.

जिराफाने चष्म्यातून पाहिलं. ‘परीक्षा अर्धवट सोडून गेलास, सर्जा. नियम तुला माहीत आहे.’

‘पण आत्ता फोनवर तुम्ही पास केलं,’ भिकनने लिहिलं.

‘कसला फोन? मी कुणालाही फोन केलेला नाही.’

नजीरभाईंनी भिकनच्या पाठीवर हात ठेवला. हमीदाने मात्र टेबलावर मूठ आपटली. “धारा काढून झाल्या!” ती ओरडली. “भिकनभाऊ, पाळी बदललीये. ह्या खऱ्या बाई आहेत!”

म्हाताऱ्याने सांगू नका म्हटलं होतं. भिकनने कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीने पुसला आणि कुणालाही न विचारता लिहिलं, ‘बाई, आज गाईंनी दूध किती दिलं?’

जिराफ जागच्या जागी थिजला. मासा, पेंग्विन, घोडा, सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. इतका वेळ तो हलला नाही, की अभिमनला वाटलं लाइन गेली.

मग जिराफाने घाईघाईने लिहिलं, की काही गैरसमज झाला होता, परीक्षा झालेली आहे, विद्यार्थी पास आहे, आणि याविषयी वर्गात जास्त चर्चा नको. काचेवर ती रिकामी चौकट आली. भिकनने एका बोटाने आपलं नाव लिहिलं, मग वडिलांचं, मग आडनाव.

“नजीरभाई, प्रिंटर!” तो म्हणाला.

प्रिंटर करकर करत नाव ओढू लागला. घुबडात त्या वेळी कोण बसलं होतं कुणास ठाऊक, पण त्याने दोन्ही पंख उचलून टाळ्या वाजवल्या.