सासूच्या घरी जामीन

महिन्यातून एकदा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या त्या आदिवासी वस्तीवर विमानातून कोर्ट उतरायचं आणि बास्केटबॉलच्या हॉलमध्ये भरायचं. मर्व्हिनचा गुन्हा एवढाच, की लायसन नसताना तो मामाच्या मयताला गाडी घेऊन गेला. लायसनशिवाय पकडला जायची ही तिसरी वेळ. लायसनची परीक्षा घेणारा वर्षातून एकदा येई. मयत काही त्याच्यासाठी थांबत नसे.

जामीन मिळाला तर घर, नाहीतर शहरात खटला उभा राहीपर्यंत सहा आठवडे तिथला तुरुंग. अट एकच: ज्याच्यावर कधी केस झालेली नाही अशा माणसाच्या घरी राहायचं. पोलिसांनी वस्तीची यादी चाळली. असं माणूस एकच निघालं. एडना, मर्व्हिनची सासू.

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

"एडनाबाई, जरा उभ्या राहा," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या.

एडना उभी राहिली आणि मर्व्हिन पाठ फिरवून भिंतीकडे बघू लागला. एडनानं स्वेटर डोक्यावरून पुढे ओढला. जावयानं सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. याहून मोठा मान त्या लोकांत नाही.

"यांचं भांडण आहे का?"

शहरातून आलेल्या वकिलानं कागद खालीवर केले. मर्व्हिनची नि त्याची ओळख सकाळची, चार मिनिटांची.

"भांडण कसलं हो बाई!" मागून म्हातारा विल्फ्रेड ओरडला. "मान राखतोय तो. मागच्या पडवीत राहील, गाठसुद्धा पडणार नाही. तुमच्या जावयाला जमायचं नाही असलं!"

"मग त्यांच्याकडे बघून एकदा म्हणा, की मी तुमचं ऐकेन," बाई मर्व्हिनला समजुतीनं म्हणाल्या. मनानं त्या चांगल्याच होत्या. "म्हणाल?"

सहा आठवडे मर्व्हिनला समोर दिसत होते. पण सगळ्या वस्तीदेखत म्हातारीची लाज काढायची?

"नाही, बाई," तो भिंतीला म्हणाला.

बाईंनी लिहिलं: कुटुंबाचा आधार नाही. जामीन नामंजूर.

पोलिसांच्या गाडीत एक मेहुणा, दोन चुलतभाऊ आणि काका आधीच बसलेले होते.

"या दाजी!" मेहुणा सरकत म्हणाला. "खिडकी हवी का?"

तेवढ्यात एडना गाडीपाशी आली. तोंड पलीकडे करून तिथल्या कुत्र्याला म्हणाली, "ए, सांग त्या माणसाला, तिकडे गारठा फार असतो. ही चादर घे म्हणावं."

"घेतो म्हणावं," मर्व्हिननंही कुत्र्यालाच सांगितलं. "आणि तिच्या छपराचा पत्रा सुटलाय. वारा सुटायच्या आत वर दगड ठेवून घे म्हणावं."