वनूताईचा नंबर

“मीटर बघ कसा पळतोय. रिक्षा जागेवर, मीटर विरारला,” श्यामकांत नीलाच्या कानाशी पुटपुटला. “स्वतःची गाडी आणायला निघालोय आणि याचं पोट भरतोय.”

रिक्षात तिघं दाटीवाटीनं बसली होती. एका कडेला श्यामकांत, मांडीवर रेक्झिनची बॅग. दुसऱ्या कडेला त्याची थोरली बहीण वनमाला. मध्ये नीला, मांडीवर पूजेचं ताट, ताटावर पेपर, पेपरावर दोन्ही हात. खड्ड्यात आपटलो की हळद आणि कुंकू एक होणार, म्हणून ती मरोळ नाक्यापासून श्वास धरून बसली होती. निदान कुणी विचारलं असतं तर तिनं हेच कारण सांगितलं असतं.

“कागद सगळे घेतलेत ना?” नीलानं विचारलं.

“तीनदा बघितले.”

“आणि ते दुसरे?”

श्यामकांतनं बॅगेवर थोपटलं. “तेपण.”

वनमाला बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पत्र्याचं कुंपण होतं.

मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा घरोघर जे झालं तेच श्यामकांतनं केलं होतं. घरात मोठी माणसं जेवढी, अर्ज तेवढे. एक स्वतःच्या नावानं, एक नीलाच्या, एक वनमालाच्या. सोडतीत त्याचा नंबर इतका मागे गेला की गाडीऐवजी काठी घ्यावी लागेल, असं तो ऑफिसात सांगायचा. नीलाचा त्याच्याही मागे. आणि वनमालाचा अगदी पुढे. पत्र आलं त्या संध्याकाळी “आपला नंबर लागला” म्हणत त्यानं मजल्यामजल्यावर पेढे वाटले. पैसे त्याचे होते, पीएफमधून काढलेले, तेव्हा आपला म्हणायला कुणाची हरकत असणार? चौथ्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्याचा नंबर घेऊन, वर वीस हजार मोजून हीच गाडी आणली होती. श्यामकांतला ती कंपनीच्या किमतीत मिळत होती. इतका फायद्याचा सौदा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच जमला होता.

नीलाला वाटलं होतं, तेवढंच आहे. मग एका दुपारी वनमाला तांदूळ निवडत बसली होती. मनातलं बोलू लागली की तिच्या तोंडी मालवणी यायची, एरवी नाही.

“वाकोल्याक एक खोली आसा म्हणे गो. पागडीची. नळ आत आसा.”

“कुणाला हवीय?”

“कोणाक नाय. तळमजल्यावरचो शिवदास सांगी होतो. गाडी त्याका दिली तर श्यामाचे पैशे श्यामाक परत, आणि वर वीस हजार.” तिनं एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. “असाच आपला सांगलंय.”

गॅसवर काही नव्हतं, तरी नीला उठून गॅसपाशी गेली. श्यामकांतला तिनं हे सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तिनं वरून पाहिलं, शिवदास त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलत होता. श्यामकांत वर आला, जेवला, आमटीला मीठ कमी म्हणाला, झोपला. त्यानंतर घरात गाडीबद्दल फारच बोलणं होऊ लागलं. सीट कव्हर कुठल्या रंगाचं, लावायची कुठं, गणपतीला गावी कधी निघायचं. वनमालासुद्धा बोलायची. पुढच्या सीटवर मला नको, मला गरगरतं, म्हणायची.

नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. स्वयंपाकघरात झोपायची, सगळ्यांच्या आधी उठायची. तिला कुणी कधी टाकून बोललं नव्हतं. उलट श्यामकांत गावात अभिमानानं सांगायचा, ताई आमच्याकडेच असते. आता तिनं वेगळी चूल मांडली तर गावात कोण काय बोलेल, हे काय नीलाला कळत नव्हतं? शिवाय गाडी नीलालाही हवी होती. खूप हवी होती.

शोरूममध्ये गाडी लाल निघाली.

“सफेद नाही?” श्यामकांतचा चेहरा उतरला.

“साहेब, जो रंग आला तो आला. नको असेल तर थांबा, तीन-चार महिने.”

“नाही नाही, लालच छान. मॅट तरी द्याल ना?”

“मॅट बाहेर मिळतात.”

“मडफ्लॅप?”

“तेपण बाहेर.”

“अहो, काहीतरी द्या की माणसाला!”

“चावी फ्री आहे, साहेब,” तो पोरगेला सेल्समन म्हणाला, आणि वनमाला खुदकन हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती.

सह्या सुरू झाल्या. मॅडम इथे, मॅडम इथे, आणि मागे. वनमाला एकेक अक्षर रांगोळीचा ठिपका ठेवावा तसं ठेवत होती. ते संपल्यावर श्यामकांतनं बॅगेतून दुसरे कागद काढले. गाडी त्याच्या नावावर करायचे.

“हे घरी केलं असतं,” नीला म्हणाली.

“कशाला? इथंच उरकू. नंतर घोळ नको.”

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस आला. “चावी घेताना फोटो. मालक कोण?”

सेल्समननं हातातल्या कागदावर पाहिलं, मग तिघांकडे.

“नीला, तू हो पुढं,” श्यामकांत घाईनं म्हणाला. “पूजा करायचीय ना, ताट तुझ्याच हातात आहे.”

आणि वनमालानं, कुणी न सांगता, श्यामकांतची बॅग घेतली, नीलाची पर्स घेतली, आणि ती भिंतीशी रचलेल्या टायरांपाशी जाऊन उभी राहिली. पेन तिच्या मुठीतच राहिलं होतं.

नीलानं बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं. चाकाखाली लिंबू ठेवायला ती वाकली. नव्याकोऱ्या लाल दारात मागचं सगळं दिसत होतं. ट्यूबलाइट दिसत होती, टायर दिसत होते, आणि दोन्ही हातांत दुसऱ्यांचं सामान धरून एक बाई उभी होती, एसटीची वाट बघत असल्यासारखी.

“मॅडम, हसा की!” फोटोवाला म्हणाला.

नीला जेवढं हसता आलं तेवढं हसली.

“चला, ते तेवढं उरकू,” श्यामकांत टेबलाकडे वळला. त्याच्या कपाळावर घाम होता. पंखा तर डोक्यावरच होता. “ताई?”

वनमाला आली. बॅग आणि पर्स तिनं खुर्चीवर नीट ठेवली, पदर सारखा केला. तिनं नाही म्हटलं तर? महिनाभर नीलाला झोपू न देणारा प्रश्न हाच होता.

“कुठं करू सही?” वनमालानं शुद्ध, सरळ मराठीत विचारलं.

श्यामकांतनं सुटकेचा श्वास सोडला आणि बोट ठेवून जागा दाखवली. पेन कागदाला टेकलं.

नीलानं पूजेचं ताट त्या कागदावर ठेवलं. थोडं कुंकू सांडलं, श्यामकांतच्या बोटावर.

“अगं, हे काय?”

“अहो, वन्संना वाकोल्याला खोली घ्यायचीय,” नीला म्हणाली. “आणि हे आपल्या दोघांनाही केव्हापासून ठाऊक आहे.”